किड्याच्या आत कोण राहतं? (ऊस, टोके, डास आणि आपला जिल्हा)

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री ९:१०

डेंगीवरच्या धाग्यात मी ओझरतं लिहिलं होतं की काही देशांत डेंगी आटोक्यात आणायला उलट डासच सोडतात, आणि त्या डासांच्या आत एक जिवाणू मुद्दाम घातलेला असतो. त्यावर बरेच व्यक्तिगत निरोप (व्यनि) आले. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मी बेळगावात पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणू म्हटलं की मुलं टायफॉइड, कॉलरा, टीबी म्हणून मोकळी होतात. फार तर दही. किड्यांच्या आणि गुरांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला असलेले जिवाणू अर्ध्या पानात उरकलेले असतात. आपला जिल्हा ऊस, तंबाखू, भात आणि म्हशींचा, म्हणजे उदाहरणं बांधाबांधावर सापडतील.

माव्यापासून सुरू करते. (पानावरचा मावा. निपाणीकरांनी लगेच खिसा चाचपू नये.)

मावा झाडाचा रस पितो. त्या रसात साखर रगड, पण प्रथिनं बांधायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. त्यातली काही आपल्यालाही अंगात बनवता येत नाहीत, आपण डाळ-दुधावर भागवतो. मग नुसत्या साखरपाण्यावर मावा एवढी पिल्लावळ वाढवतो कशाच्या जिवावर? त्याच्या पोटात काही खास पेशी असतात आणि त्या पेशींत बुखनेरा नावाचे जिवाणू ठासून भरलेले असतात. जी अमिनो आम्लं रसातून मिळत नाहीत ती हे बनवून देतात. जास्तीची साखर मावा मागच्या बाजूनं टाकून देतो, पानांवर चिकटा येतो तो तोच, आणि त्याच्यावर मग काळी बुरशी.

नाव पडलं पाउल बुखनर या जर्मन शास्त्रज्ञावरून. किड्यांतल्या या मुक्कामी जिवाणूंवर त्यानं उभी हयात घालवली. पण ते आत नेमकं काय करतात हे दाखवणं त्या काळी फार अवघड होतं, कारण बाहेर काढून बशीत वाढवायला गेलं तर ते वाढतच नाहीत. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी बुखनेराचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचून काढला. लांबी सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची साधारण ४६ लाख. दोघं एकाच कुळातले, पण बुखनेरा निदान १५ कोटी वर्षं माव्याच्या पोटात बसून आहे, आईकडून थेट पिल्लाकडे जातो, बाहेरचं ऊन-वारं त्याला ठाऊक नाही. त्यामुळे बाहेर जगायला लागणारे जनुक एकेक करून गळाले. माव्याला हवी असलेली अमिनो आम्लं बनवायचे जनुक तेवढे शाबूत. पक्का घरजावई! सासऱ्याचं एक काम चोख करतो, बाकी स्वतःचं काही करता येत नाही, आणि सासऱ्यालाही त्याच्यावाचून जगता येत नाही.

विचारा, लिहा. जमेल तसं उत्तर देते.

---

निपाणकर | रविवार, रात्री ९:३२

खिसा चाचपला होता. निषेध. 😀

लेख आवडला, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कडोलीची_आक्का | रविवार, रात्री १०:०५

छान लिहिलंयस गे. मला सांग, तांदळात टोके होतात त्यांच्यात पण असलं काय असतं का? आमच्याकडे बासमतीचं पोतं घरचंच असतंय. कितीही कडुलिंबाचा पाला घाल, श्रावण लागला की टोके हजर. उन्हात पसरले की जातात. ते आतले जिवाणू मरतात म्हणून जातात काय?

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री १०:४०

आक्का, उन्हात टोके पळतात ते उजेड आणि उष्णता सोसत नाही म्हणून. जिवाणूंचा तिथं संबंध नाही. पण त्यांच्यात जिवाणू असतात हे खरं, आणि माझ्या मते माव्यापेक्षा ही गोष्ट भारी आहे.

टोक्याचं अंगावरचं कवच किती टणक असतं बघा, नखाखाली दाबलं तर कट्‌ आवाज येतो. ते कवच बनवायला आणि काळं करायला टायरोसिन नि फिनाइलअलानिन ही दोन अमिनो आम्लं भरपूर लागतात, आणि नुसत्या तांदळाच्या पिठात ती पुरेशी नसतात. ती पुरवतो सोडॅलिस नावाचा जिवाणू. अळी दाण्याच्या आत असते, तिथंच कोष होतो, मग किडा बाहेर पडतो. किडा कोवळा असताना त्याच्या आतड्यात या जिवाणूंची संख्या झपाट्यानं वाढते. एकदा कवच घट्ट झालं की किड्याच्याच पेशी त्या जिवाणूंना मोडून, पचवून टाकतात. मादीच्या अंडाशयात तेवढे राखून ठेवतात, पुढच्या पिढीसाठी. फ्रान्समधल्या गटानं २०१४ मध्ये हे सविस्तर दाखवलं.

प्रयोगशाळेत टोके जिवाणूमुक्त करायचे तर ३५ अंशांच्या दमट हवेत काही आठवडे ठेवतात. असे टोके मरत नाहीत, पण फिकट आणि मऊ निपजतात, वाढायलाही वेळ घेतात.

---

शंकासुर | रविवार, रात्री ११:१५

>> किड्याच्याच पेशी त्या जिवाणूंना मोडून, पचवून टाकतात

म्हणजे काम झालं की जावयालाच जेवणात घेतला. याला 'सहजीवन' म्हणायचं? सहजीवन, सहकार, परस्पर साहाय्य वगैरे शब्द ऐकले की मला साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा आठवते.

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, सकाळी ७:२०

@शंकासुर, हा आक्षेप मला मान्य आहे. एकत्र राहणं एवढाच अर्थ घ्यावा. कोणाचा फायदा किती आणि तोटा कोणाचा, हे जोडीजोडीला वेगळं असतं, आणि वोल्बाकियाचं प्रकरण निघालं की कळेलच की काही जिवाणू शुद्ध आपमतलबी असतात.

---

दूधगंगाकाठ | सोमवार, दुपारी १:५०

ताई मी सगळं वाचलो. आमची चिकोडी बाजूला ऊसशेती. २००२ च्या पुढं लोकरी मावा आल्ता तवा उसाची पानं खालनं कापूस चिकटवल्यावानी पांढरीफेक झालती. कन्नडमध्ये उण्णे हेनु म्हणत्यात. पहिल्यांदा सांगली बाजूला आला म्हणं, मग नदी वलांडून आमच्याकडं. औषध मारून मारून लोक दमले, उभ्या उसात शिरणार कसं आणि मारणार कसं. शेवटाला त्यो मायक्रोमस नि डिफाची अळी खाऊन खाऊनच कमी झाला.

आता माझा सवाल. मावा जर त्या बुखनेराच्या जिवावर जगत असंल तर जिवाणू मारायचं औषध, म्हंजे अँटिबायोटिक, फवारलं तर मावा उपाशी मरंल की नाही? डाळिंबवाले तेल्या रोगासाठी मारत होतेच की.

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, सायंकाळी ६:३०

दादा, वर्गात कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी त्या दिवशी पुढचं शिकवलंच नसतं.

प्रयोगशाळेत नेमकं हेच करतात. माव्याला अँटिबायोटिक दिलं की बुखनेरा मरतो. मावा लगेच मरत नाही, पण वाढ खुंटते आणि पिल्लं जवळजवळ बंद होतात. बुखनेरा काय कामाचा हे कळलं त्यातलं बरंचसं अशाच प्रयोगांतून.

पण शेतात नको. एक तर माव्याच्या पोटापर्यंत पोचेल एवढं औषध पानातून आत जायला हवं. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते माव्यापुरतं थांबत नाही. मातीत, ओढ्यात, जनावराच्या चाऱ्यात, सगळीकडे पसरतं आणि तिथले जिवाणू त्याला निर्ढावतात. उद्या घरात कोणाला न्यूमोनिया झाला तर लागू पडायचं औषध आपण उसावर उडवून बसलेलो. डाळिंबावर, द्राक्षावर मारायची ती स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची जोडी शेतीतून टप्प्याटप्प्यानं बंद करायचं पाऊल केंद्र सरकारनं २०२१ मध्ये उचललं ते याचसाठी.

आणि मायक्रोमस-डिफाचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. लोकरी मावा फवाऱ्यानं नव्हे, त्याला खाणाऱ्या किड्यांनी आटोक्यात आला. अँटिबायोटिकच्या मागं लागून ते बिघडवण्यात अर्थ नाही.

---

निपाणकर | सोमवार, रात्री ८:०२

डिफा महाराष्ट्रातनं आली की कर्नाटकातनं? तिला कुठलं रेशनकार्ड?

---

संपादक | सोमवार, रात्री ८:१५

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तो भरलेला आहे. इथं किडे.

---

गोठेवाला | सोमवार, रात्री ९:४५

पशुवैद्य आहे, निपाणी भागात प्रॅक्टिस. किड्यांवर एवढं चाललंय तर म्हशीवर चार ओळी.

गवत, कडबा, उसाचं वाडं यातला सेल्युलोज म्हैस स्वतः पचवत नाही. तिला तो पचवायचं विकरच (एन्झाइम) नाही. पोटाचा पहिला मोठा कप्पा, रुमेन, तिथं कोट्यवधी जिवाणू, एकपेशीय आदिजीव आणि बुरशा तो आंबवतात. त्यातून जी मेदाम्लं निघतात ती म्हैस रक्तात शोषून घेते. तेच तिचं खरं जेवण. वर ते जिवाणूही पुढच्या कप्प्यात जाऊन पचतात, त्यातून प्रथिनं मिळतात. म्हणजे शंकासुर म्हणतात तो जावई म्हैस रोजच जेवते.

आमच्या कामात हे रोज दिसतं. लग्नसराईत पंगतीत उरलेला भात, बुंदी, पोळ्या लोक प्रेमानं गोठ्यात आणून ओततात. दुसऱ्या दिवशी फोन: डॉक्टर, म्हस उठंना. झालेलं असं असतं की पिष्ट आणि साखर एकदम आल्यावर एका जातीचे स्ट्रेप्टोकोकस बेसुमार वाढतात, लॅक्टिक आम्ल बनवतात, रुमेन आंबट होतो. मग गवत पचवणारे नेहमीचे जिवाणू त्यात मरतात. जनावर रवंथ थांबवतं, पोट गच्च, पातळ हागवण, वेळेत बघितलं नाही तर दगावतं. खायचा सोडा वगैरे देऊन आम्ल मारतो, सलाईन लावतो, पण आतलं मंडळ परत बसवायचं तर उत्तम इलाज म्हणजे निरोगी जनावराच्या रुमेनमधलं पाणी काढून, गाळून, कोमट असतानाच आजारी जनावराला नळीनं पाजायचं. ऐकायला घाण वाटतं. गुण मात्र चांगला येतो.

कृपा करून लग्नाचं अन्न गुरांना घालू नका. पुण्य मिळत नाही, बिल येतं.

---

कडोलीची_आक्का | सोमवार, रात्री १०:१०

शेवटची ओळ आमच्या गल्लीत फलकावर लिहून लावते.

---

खानापुरी | मंगळवार, सकाळी ६:५०

वाळवीचं राहिलं. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात वारुळांवर अळंबी उगवतात, लोक कोवळ्या असतानाच काढून आणतात, मटणाला मागं सारतील अशी चव. ती अळंबी म्हणे वाळवीच लावते. मग वाळवीच्या पोटात जिवाणू कशाला?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८:३५

दोन घराणी आहेत. जुन्या घराण्यातल्या वाळव्यांच्या आतड्यात एकपेशीय आदिजीव असतात, ते लाकूड पचवतात, आणि त्या आदिजीवांच्या अंगावर नि अंगात पुन्हा जिवाणू. तुमच्याकडे मोठी वारुळं बांधणाऱ्या वाळव्यांनी आदिजीव सोडून दिले आणि वारुळातच टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीची शेती सुरू केली. पालापाचोळा ती बुरशी कुजवते, वाळवी ती बुरशी खाते. पावसात तिला फुटवे येतात, ती तुमची अळंबी. तरीही या वाळव्यांच्या आतड्यात जिवाणू भरपूर असतातच, पचनाचं उरलेलं काम तिथं होतं.

गोठेवाल्यांसाठी एक धागा जोडते: ऑक्सिजन न लागणाऱ्या रुमेनमधल्या जिवाणूंना बाटलीत वाढवायची रीत ज्यानं बसवली तो अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट मुळात वाळवीच्या पोटावर काम करणारा. वाळवीकडून तो गायीकडे आला.

---

बेंगळूरू_व्हाया_लोंडा | मंगळवार, रात्री ११:२०

मूळचा बेळगाव, सध्या बेंगळुरात, कीटकांच्याच एका प्रयोगशाळेत. धागा झकास चाललाय. थोडं थंड पाणी ओततो आणि मग एक खमंग गोष्ट.

थंड पाणी असं. हे सगळं वाचून कोणाचा समज होईल की प्रत्येक प्राण्याला पोटातले जिवाणू लागतातच. तसं नाही. फुलपाखरांच्या सुरवंटांत मुक्कामी जिवाणू जवळजवळ नसतातच, पानाबरोबर जे येतात ते तसेच विष्ठेतून जातात. इथं एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत दीपा आगाशे आणि कृष्णमेघ कुंटे यांच्या गटांनी सुरवंटांना अँटिबायोटिक देऊन, त्यांचे जिवाणू घालवून पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. सुरवंटांचं जगणं-वाढणं फारसं अडलं नाही. त्यामुळे 'मायक्रोबायोम' या शब्दावर जे पावडर-कॅप्सूल विकतात त्यांच्यापासून सावध. प्रत्येक जोडीचा पुरावा वेगळा मागायचा.

आता खमंग. दूधगंगाकाठ दादांसाठी. जपानात सोयाबीनवर एक ढेकण्या असतो. तो आईकडून जिवाणू घेत नाही, दर पिढीला मातीतून बर्कहोल्डेरिया नावाचा जिवाणू नव्यानं गिळतो. ज्या शेतात फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक वारंवार मारलं तिथल्या मातीत ते औषध खाऊन जगणारे बर्कहोल्डेरिया वाढले. ढेकण्यानं नेमके तेच गिळले, आणि तो औषधाला दाद देईनासा झाला. त्याच्या स्वतःच्या जनुकात काही बदल नाही, नुसतं मातीतून कवच उचललं. किकुची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे छापलं. फवारणीचा हिशेब किड्यापुरता नसतो, मातीपर्यंत जातो.

---

दूधगंगाकाठ | बुधवार, सकाळी ५:४०

ही गोष्ट आमच्या गावातल्या औषध दुकानात वाचून दाखवायला पायजे. खरं दुकानदार चहा पाजायचा बंद करील.

आमची खरी डोकंदुखी आता मावा नव्हं, हुमणी. गोण्णे हुळू. गेल्या साली खोडव्यात बुडख्याची मुळं सगळी कातरून टाकली, ऊस हातानं ओढला तर भाजीवानी उपटून यायचा. त्याच्यावर आतलं जिवाणू मारायची काय सोय हाय काय?

---

बेंगळूरू_व्हाया_लोंडा | बुधवार, रात्री १०:३०

दादा, उलटं आहे. जिवाणू मारायचे नाहीत, हुमणीत सोडायचे. हा माझा आवडता विषय आहे, लांबण लागेल.

मातीत एक बारीक सूत्रकृमी असतो, हेटेरोऱ्हॅब्डायटिस. डोळ्यांना दिसणार नाही एवढा. मुळांना गाठी करणारा सूत्रकृमी तो हा नव्हे, हा झाडाला हात लावत नाही. याच्या आतड्यात फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू असतात. सूत्रकृमीचं पिल्लू मातीत हुमणी शोधत हिंडतं, तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासाच्या छिद्रातून आत शिरतं, आणि आत गेल्यावर ते जिवाणू ओकून टाकतं. हुमणीच्या रक्तात ते झपाट्यानं वाढतात, विषं सोडतात, साधारण एक-दोन दिवसांत हुमणी खलास. मग जिवाणूंनी मऊ करून ठेवलेल्या त्या मांसावर सूत्रकृमी पोसतो, पिल्लं घालतो, आणि दोनेक आठवड्यांत हजारो पिल्लं पोटात पुन्हा तेच जिवाणू भरून घेऊन बाहेर पडतात. सूत्रकृमीला हे जिवाणू नसतील तर त्याला हुमणी पचत नाही. जिवाणूला सूत्रकृमी नसेल तर मातीतून हुमणीत शिरता येत नाही.

दोन गंमती. मेलेली हुमणी कुजून घाण येत नाही, कारण हे जिवाणू इतर जिवाणूंना मारणारी द्रव्यं सोडतात. तिचा रंग विटकरी लाल होतो, त्यावरून ओळखायची. आणि हे जिवाणू उजेड देतात. पूर्ण अंधारात डोळे सरावल्यावर ती मेलेली अळी मंद हिरवट चमकते. जमिनीवर राहणाऱ्या जिवाणूंत असं चमकणारे फार विरळा.

भारतातली जात, हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका, १९९२ मध्ये कोइमतूरच्या बाजूच्या नमुन्यांवरून शास्त्रात नोंदली गेली, आणि तीही उसाच्याच किडीवर काम करताना. बेंगळुरातल्या एनबीएआयआर या केंद्रीय संस्थेनं तिची पावडर तयार करायची पद्धत बसवली आहे, परवाना घेऊन कंपन्या ती बनवतात.

---

डॉ_शिवबसवनगर | बुधवार, रात्री ११:०५

फोटोऱ्हॅब्डसचं नाव वाचून राहवलं नाही. २०१९ मध्ये याच जिवाणूंतून डॅरोबॅक्टिन नावाचं नवं प्रतिजैविक सापडलं. ग्राम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंवर चालतं, आणि आयसीयूत आमचं कंबरडं मोडतात ते हेच. अजून रुग्णाला द्यायच्या टप्प्याला आलेलं नाही, पण दिशा चांगली.

आता मूळ प्रश्नाकडे. @सूक्ष्मदर्शी, डेंगीचं काय झालं? धागा उसात अडकला.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ९:००

बरोबर, तेच राहिलं होतं. डॉक्टर, तुमचाही विषय येतो, शेवटी भर घाला.

वोल्बाकिया. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाख या दोघांना हा अमेरिकेत क्युलेक्स डासांत, म्हणजे आपल्या गटारात वाढणाऱ्या डासाच्या भाईबंदात, सापडला. पुढं कित्येक वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. आज अंदाज असा की किड्यांच्या ४० ते ६५ टक्के जातींत तो कुठं ना कुठं असतो. पेशीच्या आतच राहतो, आणि आईकडूनच पिल्लाला जातो. नराच्या शुक्रपेशीतून जात नाही.

इथून त्याचा आपमतलब सुरू. त्याच्या दृष्टीनं नर म्हणजे वाया गेलेली जागा. म्हणून काही जातींत तो नर अंड्यातच मारतो. सामोआ बेटांवर हायपोलिम्नस बोलिना या फुलपाखरात (आपल्याकडेही दिसतं, नराच्या काळ्या पंखांवर पांढरे ठिपके आणि भोवती जांभळी झाक) २००१ मध्ये शेकडा एकच नर उरला होता. काही वर्षांतच नरांचं प्रमाण चाळीसच्या घरात गेलं, कारण मारा थोपवणारं जनुक फुलपाखरांत पसरलं. काही जातींत तो दुसरा डाव टाकतो. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांचा संकर झाला तर अंडी फुटतच नाहीत. वोल्बाकिया असलेल्या मादीची अंडी मात्र कुठल्याही नराकडून फुटतात. त्यामुळे वोल्बाकियावाल्या माद्या वाढत जातात आणि पिढ्यांमागून पिढ्या तो पसरतो.

याचा वापर दोन तऱ्हांनी होतो. नुसते वोल्बाकियावाले नर सोडले तर अंडी वांझ. १९६७ मध्ये लावेन या जर्मन शास्त्रज्ञानं ब्रह्मदेशातल्या ओक्पो गावात अशाच विसंगत संकरानं क्युलेक्स संपवून दाखवले, तेही या वांझपणामागं वोल्बाकिया आहे हे सिद्ध होण्याआधी. ते सिद्ध झालं १९७१ मध्ये. दुसरी तऱ्हा डेंगीची. डेंगीचा एडिस इजिप्ती डास मुळात वोल्बाकियाशिवाय असतो. त्याच्या अंड्यात बारीक सुईनं फळमाशीतला वोल्बाकिया घातला आणि असे नर-माद्या दोन्ही सोडले. वोल्बाकिया असलेल्या डासात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही. डास चावतो, पण ताप फारसा देत नाही. इंडोनेशियात योग्यकार्ता शहराचे भाग पाडून चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापून आला: डास सोडलेल्या भागात डेंगी ७७ टक्क्यांनी कमी, इस्पितळात दाखल होणारे ८६ टक्क्यांनी कमी.

आपल्या देशात पुदुचेरीच्या आयसीएमआर केंद्रानं अशा डासांच्या दोन वसाहती तयार केल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. पण वसाहती तयार करणं वेगळं आणि गावात सोडणं वेगळं, तेव्हा उद्या सकाळी टिळकवाडीत कोणी डब्यातून डास सोडायला येणार नाही. टाकीचं झाकण लावा, कुंड्यांच्या ताटल्या उपड्या करा.

---

शंकासुर | गुरुवार, रात्री ९:४०

सत्तरच्या दशकात दिल्लीत डासांवरच्या जनुकीय प्रयोगांवरून संसदेपर्यंत गदारोळ झाला होता आणि १९७५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. परदेशी पैसा, जैविक युद्धाची शंका, सगळं झालं. आज 'डास सोडतोय' म्हणून गल्लीत कोणी आलं तर त्याला शहापुरात कोण उभं करील? विज्ञान बरोबर असलं तरी लोकांना आधी विचारायला हवं.

---

डॉ_शिवबसवनगर | गुरुवार, रात्री १०:२०

@शंकासुर, या वेळी तुमच्याशी सहमत. योग्यकार्तात त्यांनी डास सोडायच्या आधी वस्त्यांशी बोलण्यात बराच काळ घातला होता.

वोल्बाकियाची माझी भर: हत्तीरोग. कलबुर्गी, बीदर, यादगीर भागातले जुने रुग्ण आमच्याकडे येतात. हत्तीरोगाची जंत, वुचेरेरिया, तिच्याही अंगात वोल्बाकिया असतो. इथं मात्र तो आपमतलबी नाही, जंतीला त्याच्यावाचून चालत नाही. रुग्णाला काही आठवडे डॉक्सीसायक्लिन दिलं की आतला वोल्बाकिया मरतो, मग जंत वांझ होते आणि हळूहळू मरते. दूधगंगाकाठ यांनी माव्याबाबत विचारलं ना, तोच डाव, फक्त माणसात, औषध मोजून आणि देखरेखीखाली. गरोदर बाया आणि लहान मुलांना देत नाही, आणि रोज गोळी इतके आठवडे घ्यायची म्हणून गावोगावच्या मोहिमेत ते वापरत नाहीत. तिथं वेगळ्या गोळ्या असतात, त्या आल्या की घ्या.

---

बीएस्सी_चालू | शुक्रवार, दुपारी ४:१५

मॅडम, प्रोजेक्टसाठी हे करता येईल का? कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे, पीसीआर नाही.

---

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, रात्री ८:५०

येईल. हे जिवाणू बशीत वाढत नाहीत म्हणून लोक त्यांचा डीएनएच शोधतात. सगळ्या जिवाणूंत असणारा १६-एस जनुक वाचला की कोण राहतंय ते कळतं. वोल्बाकियासाठी त्याचा वेगळा जनुक पकडतात. किडा अल्कोहोलात बुडवून ठेवायचा, सापडलेली जागा-तारीख लिहायची, पाय किंवा पोट चेचून डीएनए काढायचा. एवढं कॉलेजात होतं. पुढचं पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनएच्या भरपूर प्रती काढणं, जिथं यंत्र असेल तिथं विनंती करून. पुण्यात एनसीसीएस या संशोधन संस्थेत योगेश शौचे यांच्या गटानं डासांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर बरंच काम केलं आहे, ते निबंध वाच, भाषा सोपी आहे.

पीसीआरशिवाय करायचं तर म्हशीच्या रुमेनमधलं पाणी. गोठेवाल्यांना विचार. ताजा, कोमट थेंब काचेवर टाकलास की आदिजीव पळताना दिसतील, निरोगी आणि आजारी जनावरातला फरक त्यावरूनच कळतो. कोणाच्या जनावराला नळी घालायला स्वतः जाऊ नकोस.

---

गोठेवाला | शुक्रवार, रात्री ९:१५

ये. बाटली थर्मासमध्ये ठेव, गार झाली की पळणारे थांबतात. जुना शर्ट घाल.

---

दूधगंगाकाठ | शनिवार, सकाळी ६:१०

त्या सूत्रकृमीच्या पावडरीचं सांगा. कधी टाकायची, कशी टाकायची. आणि क्लोरपायरीफॉस ह्या कीटकनाशकाबरोबर टाकली तर चालती काय? दुकानदार दोन्ही मिसळा म्हणतोय.

---

बेंगळूरू_व्हाया_लोंडा | शनिवार, सकाळी १०:००

मिसळू नका. पावडरीत जिवंत प्राणी आहे, पाकिटावरची तारीख बघूनच घ्या आणि उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. रानाला पाणी देऊन, ओल असताना, संध्याकाळी उसाच्या बुडाशी सोडा. ऊन लागलं की सूत्रकृमी मरतो, कोरड्या मातीत हिंडू शकत नाही. हुमणी लहान असताना जास्त लागू पडतं. मोठी झाली की अवघड, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांतच बघा. मात्रा पाकिटावर असेल ती, कृषी विज्ञान केंद्रात एकदा विचारून घ्या.

आणि हे एकट्यानं पुरत नाही. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर बसतात तेव्हा झाडं हलवून गोळा करायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सगळ्या शिवारानं मिळून केलं तरच. शेजाऱ्याच्या बांधावरची बाभळ सोडली तर तुमचं काम वाया.

---

दूधगंगाकाठ | शनिवार, दुपारी १२:३०

शेजारी म्हंजे माझा चुलतभाऊच, आणि बांधावरनं बोलणं बंद हाय. बघतो, पावसाच्या आत काढतो काय तरी मार्ग. लाल हुमणी घावली तर फोटो टाकतो.

---

निपाणकर | शनिवार, दुपारी १२:४५

फोटो अंधारात काढा, चमकताना. आणि चुलतभावाला पण धाग्याची लिंक पाठवा.